चार बोटं उजवीकडे

पुनर्वसन केंद्रात थेरपिस्ट ग्लोरिमार मिसींच्या खोलीत शिकाऊ पोरांनी बसायचं ते दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. पहिल्याच दिवशी त्या बजावायच्या, इथे डोळे चालवा, हात चालवू नका. नव्या पोरांना वाटायचं, बाई गंमत करतायत. मग एखादा पेशंट दहा मिनिटं एकाच बटणाशी झगडायला लागला की गंमत उतरायची. समोर म्हातारा माणूस घामाघूम होतोय, बटण काजात जाता जाता निसटतंय, आणि आपण धडधाकट हातांचे असून दगडासारखं बसून राहायचं. करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

नाशालीला तर हे फारच जड जायचं. पोन्से शहरातल्या विद्यापीठात आरोग्यशास्त्राच्या पदवीचं तिचं हे चौथं वर्ष. पुढे तिला ऑक्युपेशनल थेरपीला जायचं होतं. म्हणजे आजारानं अडलेल्या माणसाला पुन्हा आपलं आपण जेवायला, न्हायला, कॉफी करायला शिकवायचं. तिथे नुसत्या मार्कांवर कुणी दारात उभं करत नाही. कुणा जाणत्या थेरपिस्टच्या हाताखाली महिनोन्‌महिने बघत बसावं लागतं आणि शेवटी त्याच थेरपिस्टचं शिफारसपत्र लागतं. पत्र नाही तर प्रवेश नाही, इतकं साधं. आता ह्या पोरीला वाढवलं तिच्या लूस मावशीनं, आणि मावशीच्या घरचा कायदा असा की मोठं माणूस पाण्यासाठी स्वतः उठलं तर घरातल्या पोरांचा जन्म फुकट. मावशीची नजर नुसती ग्लासाकडे वळली की नाशाली फ्रिज उघडून उभी. असले हात मांडीखाली दाबून ठेवायचे म्हणजे मांजराला माशांच्या टोपलीशेजारी बसवण्यातलाच प्रकार.

सेवेरो आजोबा ह्या केंद्रात आले ते पक्षाघाताच्या झटक्यानंतर महिन्याभरानं. बोलणं शाबूत, काठी टेकत चालणंही बरं. गेली होती ती डावी बाजू. डोळे चांगले होते, पण डोक्यानं डावीकडचं जगच पुसून टाकलं होतं. अर्धीच दाढी करायचे आणि आरशात बघून स्वतःवर खूश व्हायचे. हिरव्या तुरीच्या दाण्यांचा भात ताटभर वाढला तरी उजवीकडचा तेवढा संपवायचे आणि इथे माणसाला उपाशी मारतात म्हणून कावायचे. कुणी ताट फिरवून ठेवलं की पुन्हा जेवायला लागायचे. समजावायला जावं तर ऐकतो कोण? चाळीस वर्षं त्यांनी उतुआदोच्या घाटात उतारूंची गाडी हाकली होती. डावं-उजवं तुम्ही मला शिकवणार का, असं विचारून ते समोरच्याचं तोंड बंद करायचे.

नाशालीवर मात्र त्यांचा जीव. ती रोज आल्या आल्या, आमच्याकडची रीतच आहे तशी, "आशीर्वाद द्या, आजोबा" म्हणायची आणि ते "देव तुझं भलं करो, पोरी" म्हणायचे. मग घरच्या गप्पा सुरू व्हायच्या. डोंगरातलं घर, सात कोंबड्या, एक भांडकुदळ कोंबडा, आणि सकाळची स्वतःच्या हातची कॉफी. त्यांची एकुलती एक मुलगी एव्हेलिया खाली गावात बेकरीत कामाला होती. पपा, माझ्याकडे राहायला या, असं ती दर रविवारी म्हणायची. ती राहायची चौथ्या मजल्यावर. आजोबा म्हणायचे, चौथ्या मजल्यावर माणसं राहत नाहीत, कपडे वाळतात.

घरी एकट्यानं राहता येईल की नाही हे ठरायचं स्वयंपाकघराच्या परीक्षेवर. केंद्रात एक छोटं स्वयंपाकघर होतं, तिथे पेशंटनं एकट्यानं कॉफी करायची. पाणी उकळायचं, पूड कापडी गाळण्यातून गाळायची, दूध तापवायचं, गॅस बंद करायचा. मिसी दुधाचं पातेलं मुद्दाम ओट्याच्या डाव्या टोकाला ठेवायच्या. ते ज्याचं त्याला सापडलं तर तो घरी. नाही सापडलं तर आणखी तीन आठवडे इथेच राहून डावीकडे मान वळवायचा सराव करायचा. ह्यात कुणाचं काही वाईट नव्हतं. पण तीन आठवडे हा शब्द उच्चारला की आजोबांचा चेहरा असा पडायचा की नाशाली नजर वळवायची.

परीक्षेच्या दिवशी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाणी उकळलं, कॉफी गाळली, सगळं झोकात. मग त्यांनी उजवीकडे बघितलं, समोर बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. "दूध कुठंय?" ते पुटपुटले. नेमका तेव्हाच मिसींचा फोन वाजला आणि त्या दाराकडे तोंड करून बोलू लागल्या. आजोबांचा हात ओट्यावर फिरत होता आणि पातेल्याच्या थोडा अलीकडूनच परत येत होता. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांच्या कपाळावर घाम आला. नाशाली ओट्याच्या त्याच टोकाला बसली होती.

तिनं काही ठरवलं वगैरे नव्हतं हो. मावशीची नजर ग्लासाकडे गेल्यावर जे व्हायचं तेच झालं. मांडीखालून उजवा हात सुटला आणि त्यानं पातेलं उजवीकडे सरकवलं. किती, तर चार बोटं. तेवढ्यात आजोबांचा हात आला आणि पातेल्याला लागला. "हां, हे काय इथेच आहे!" म्हणत त्यांनी ते गॅसवर चढवलं. मिसी फोन ठेवून वळल्या तेव्हा नाशालीचे दोन्ही हात जागच्या जागी होते आणि दूध तापत होतं. मिसींनी कागदावर लिहिलं की पेशंटला दूध स्वतः सापडलं, मदत लागली नाही. दोन दिवसांनी सेवेरो आजोबा घरी गेले. जाताना त्यांनी नाशालीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती दिवसभर हवेत तरंगत होती. पुण्य केलं, असंच तिला वाटलं.

आजोबा घरी गेल्याच्या पाचव्या आठवड्यात एव्हेलिया केंद्रात आली. एकटीच आली आणि खुर्चीत बसल्या बसल्या रडायलाच लागली. नाशाली कोपऱ्यात दुसऱ्या एका पेशंटचं बघत होती. मान खाली होती, कान तिकडे होते.

झालं होतं असं. एव्हेलिया रोज सकाळी बेकरीत जाण्याआधी घाट चढून वडिलांच्या घरी जायची आणि दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवून यायची. शेगडी जुनी, दोनच बर्नरची, आणि पातेलं असायचं डाव्या बर्नरवर. आजोबांना ते दिसायचं नाही. मग चिडचिड सुरू व्हायची. आणि त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. केंद्रात माझी परीक्षा झाली, तिथे मला दूध सापडलं, कागदावर सही-शिक्का आहे. मग घरीच का सापडत नाही? कारण कुणीतरी ते हलवतं. घरात येणारं दुसरं आहे कोण? एव्हेलिया. तिला मला चौथ्या मजल्यावर नेऊन कोंडायचंय, म्हणून मला वेड्यात काढते. असं त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, पाद्र्यालाही सांगितलं. मागच्या आठवड्यात त्यांच्याच हातून डावा बर्नर पेटता राहिला आणि त्यांच्या शर्टाची डावी बाही जळाली, हाताला फोड आले. डाव्या हाताला त्यांना फारसं कळतही नाही, वास आला तेव्हा कळलं. त्याचाही आळ एव्हेलियावर आला. मग त्यांनी तिच्याकडून घराची किल्ली काढून घेतली.

"मिसी, माझ्या बापानं माझ्याकडून किल्ली घेतली," एव्हेलिया म्हणाली. "तुम्ही एवढंच सांगा, त्याला खरंच दिसतं का? दिसत असेल तर मग मीच खोटी ठरते."

मिसींनी जुना कागद काढला, दोनदा वाचला. त्यावर त्यांच्याच हातचं लिहिलेलं होतं. एवढंच म्हणाल्या की मी पुन्हा विचार करते. पंचवीस वर्षं हे काम करणारी बाई, पण त्या दिवशी तिला स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. दुपारी एका चांगल्या सुधारलेल्या बाईंची परीक्षा होती. त्यांना सगळं नीट जमलं, तरी मिसी म्हणाल्या, आणखी दोन आठवडे राहा, मला खात्री वाटत नाही. त्या बाईंच्या नवऱ्यानं बॅग भरून आणली होती. तो ती तशीच उचलून परत घेऊन गेला.

आता बघा, एका पातेल्याचं कुठवर पोचलं. नाशालीला घास गिळवेना. मावशीनं डुकराचं मटण केलं होतं, तेही तिनं नुसतं चिवडलं. प्रेमात पडलीस की नापास झालीस, मावशीनं विचारलं. नाशाली म्हणाली, पोट बरं नाही. खोटं तेही नव्हतं. वर्गात प्राध्यापक मेंदूचं चित्र दाखवून सांगत होते की उजव्या बाजूला इजा झाली तर माणूस डावीकडचं हरवतो. नाशालीला मात्र ओट्यावरून फिरणारा एक सुरकुतलेला हात दिसत होता. ती मनातल्या मनात वकिली करायची. मी त्यांचं भलंच चिंतलं. सगळेच जरा मदत करतात. कदाचित एका क्षणात त्यांना सापडलंही असतं. असे शंभर मुद्दे काढायची आणि शेवटी गाडी एव्हेलियाच्या रडण्याशी येऊन थांबायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कुणी तिच्याकडे नुसतं बघितलं तरी ती हात पाठीमागे घ्यायची.

आणि तरी ती बोलली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. चार दिवस ती रोज केंद्रात गेली, मांडीखाली हात घेऊन बसली आणि गप्प राहिली, कारण अर्जाची शेवटची तारीख सोमवारी होती आणि पत्र शुक्रवारी मिळायचं होतं. पत्र एकदा हातात पडू दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं होतं. असं ठरवणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी मिसींनी तिला बोलावून पत्र पुढे केलं. बहुतेक थेरपिस्ट पत्र बंद पाकिटात पाठवतात, मिसी आधी वाचायला द्यायच्या. त्यात लिहिलं होतं, 'ह्या मुलीला मदत करता येते ह्यात नवल नाही. मदत कधी करायची नाही हे तिला कळतं, आणि ह्या वयात ते क्वचितच कुणाला कळतं.'

नाशालीनं ती दोन वाक्यं पुन्हा वाचली.

"मिसी, हे खरं नाही," ती म्हणाली.

मिसींना वाटलं, पोरगी लाजतेय. "काय खरं नाही?"

"सेवेरो आजोबांचं पातेलं मी सरकवलं. तुम्ही फोनवर होतात. चार बोटं. उजवीकडे."

मिसी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नाशालीच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि खणात ठेवला.

"एव्हेलिया इथे रडत होती तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच. त्या कोपऱ्यात."

"हातांवर बसून," मिसी म्हणाल्या.

नाशालीला वाटलं, जमीन दुभंगावी. मिसी मग हळू आवाजात बोलत राहिल्या. तू त्याला दूध दिलंस असं तुला वाटतं. तू त्याचे तीन आठवडे काढून घेतलेस. ह्याच तीन आठवड्यांत तो मान वळवायला शिकला असता. त्याला आपल्यात काय उणं आहे हेच कळलं नाही, म्हणून त्यानं ते लेकीत शोधलं. यंदा पत्र मिळणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ये, पहिल्यापासून बस, मग बघू. नाशालीनं मान हलवली. सगळं वर्ष गेलं हे तिला कळलं, आणि आश्चर्य म्हणजे चार दिवसांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला. पण मिसींचं अजून संपलं नव्हतं.

"सोमवारी मी त्याला पुन्हा बोलावते. त्याला सांगायचं काम तुझं. माझं नाही."

सोमवारी शेजाऱ्याच्या गाडीतून सेवेरो आजोबा आले. डाव्या हाताला पट्टी, उजवा गाल तुळतुळीत, डाव्या गालावर खुंट वाढलेले. नाशालीला बघून त्यांचा चेहरा फुलला आणि ते थांबले. ती आशीर्वाद मागेल म्हणून थांबले. आशीर्वाद न मागताच ती खुर्चीकडे वळली. आजोबा जरासे गोंधळले आणि पुढे गेले.

सगळं पहिल्यासारखंच मांडलं होतं. दुधाचं पातेलं डाव्या टोकाला होतं. फक्त ओट्याच्या डाव्या कडेला मिसींनी लाल चिकटपट्टी लावली होती. नाशाली त्याच खुर्चीत बसली आणि तिनं हात मांडीखाली असे दाबले की बोटं बधिर झाली. पाणी उकळलं, कॉफी गाळून झाली. आजोबांनी उजवीकडे बघितलं, समोर बघितलं.

"दूध कुठंय?"

त्यांचा हात ओट्यावर फिरला, पातेल्याच्या अलीकडून परत आला. पुन्हा फिरला. पातेलं नाशालीपासून वीतभर अंतरावर होतं. आजोबांचा चेहरा लाल झाला.

"इथेही हलवलंत? तिनं तुम्हालाही शिकवून ठेवलंय का? माझी पोरगी इथपर्यंत पोचली?"

मिसींनी नाशालीकडे बघितलं.

"आजोबा, आज कुणी काही हलवलं नाही," नाशाली म्हणाली. आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "मागच्या वेळी मी हलवलं होतं. तुम्हाला ते सापडत नव्हतं. मिसी बघत नव्हत्या, तेव्हा मी ते तुमच्या हातापाशी सरकवलं. तुम्हाला घरी जायचं होतं म्हणून. चूक माझी आहे, आजोबा. एव्हेलियाताईंची नाही."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना समजलं की नाही, कळेना. मग मिसींनी शांतपणे सांगितलं, सेवेरो, डावीकडे मान वळवा. लाल पट्टी दिसेपर्यंत थांबू नका. आजोबांनी मान थोडी वळवली आणि थांबले. आणखी, मिसी म्हणाल्या. त्यांनी आणखी वळवली. जड फाटक ढकलावं तशी ती मान वळत होती. मग लाल पट्टी दिसली, आणि पट्टीच्या अलीकडे पातेलं.

त्यांनी त्यावर हात ठेवला.

"हे पहिल्यापासून इथेच होतं?"

"हो," नाशाली म्हणाली.

"आणि घरी?"

आजोबांनी खुर्ची ओढली, बसले आणि फोन मागितला. नंबर मिसींनी लावून दिला. बेकरीत त्या वेळी गर्दी असते, पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते. एव्हेलियानं घाबरून विचारलं असावं, कारण आजोबा म्हणाले, नाही, पडलो नाही, बरा आहे. मग खिशातली किल्ली चाचपली.

"बाळ, दूध तू हलवत नव्हतीस," ते अखेर म्हणाले. "ते डावीकडे असायचं. मला दिसत नव्हतं. किल्ली माझ्या खिशात आहे, येऊन घेऊन जा."

पलीकडून काय उत्तर आलं ते नाशालीला ऐकू आलं नाही. आजोबा फोन कानाला लावून नुसते बसून होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसत होते. पुसलं तेही फक्त उजव्या गालावरचं. डाव्या गालावर ते तसंच खुंटांत अडकत खाली आलं. रुमाल नाशालीच्या खिशात होता. तिनं तो काढला नाही.

फोन झाल्यावर त्यांनी मिसींना विचारलं, तीन आठवडे म्हणालात ना? कोंबड्यांना दाणे शेजारी घालेल. मग उठून त्यांनी दूध तापवलं, गॅस बंद केला आणि मान वळवून वळवून डावा बर्नरही तपासला. तीन कप भरले. एक कप नाशालीपुढे आणून ठेवला. थोडी कॉफी बशीत सांडली होती.

नाशाली खुर्चीवरून उठली. कपाला तिनं हात लावला नाही. मान खाली घालून, जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाली, "आशीर्वाद द्या, आजोबा."

आजोबांनी लगेच उत्तर दिलं नाही. आमच्याकडे आशीर्वाद मागितल्यावर इतका वेळ कुणी थांबत नाही. ती उभीच राहिली.

"देव तुझं भलं करो, पोरी," ते म्हणाले. "आणि तुझे हात जागेवर ठेवो."